टी.व्ही.तल्या चुलीला धूर का नसतो?

दोस्तहो, आधीच सांगून टाकतो. संजीव कपूरवर माझा राग नाही. माणूस हसतमुख आहे, हाताला सफाई आहे. आणि बाईनं केलं तर काम, बुवानं केलं तर कला, हा या देशातला जुना लबाड कायदा काही त्यानं लिहिलेला नाही. पण चार पानं त्याच्यावर खर्च करायची आहेत, कारण माझ्या मायनं त्याच्यावर आयुष्यातले बरेच रविवार खर्च केले.

1964 साली अंबाल्यात जन्म. दिल्लीला पुसाच्या संस्थेत हॉटेलचं शिक्षण. मग मुंबईच्या सेंटॉर हॉटेलात मुख्य शेफ. झी टी.व्ही. सुरू झाला 1992 ला आणि 1993 ला त्यावर 'खाना खजाना' आला, हंसल मेहताच्या दिग्दर्शनात. कार्यक्रमाचं नाव आधी 'श्रीमान बावर्ची' ठरलं होतं म्हणतात. ते या गृहस्थाला पटलं नाही, म्हणून बदललं. पुढं कार्यक्रम 17 वर्षांच्या वर चालला. पुस्तकं झाली, हॉटेलं झाली, 2011 ला 'फूडफूड' नावाची स्वतःची वाहिनी झाली, 2017 ला पद्मश्री झाली.

या सगळ्यात मला सगळ्यात मोठी वाटते ती नाव नाकारण्याची गोष्ट. बावर्ची म्हंजे चाकर. मला चाकराचं नाव नको, असं एक माणूस म्हणाला आणि समोरच्यांनी ऐकलं! आमच्या बापजाद्यांना गावानं जी नावं दिली ती कुणी विचारून दिली होती का? धोंड्या, कचऱ्या, दगड्या. आम्ही ती नावं बदलायला लागलो तर काय होतं ते या शहराला विचारा. विद्यापीठाच्या एका नावासाठी 1978 ला मराठवाडा पेटवला, आमच्या वस्त्या जाळल्या, आणि नामविस्तार व्हायला 1994 चा 14 जानेवारी उजाडला. इकडं 16 वर्षं आणि मुडदे. तिकडं एका बैठकीत काम फत्ते. असो.

आमची माय तेव्हा लग्नाच्या आचाऱ्याकडं भांड्यांवर जायची. कढया माणूस आत बसेल एवढ्या. गल्लीत केबल एकाच घरी. रविवारी ती उंबऱ्यापाशी बसून 'खाना खजाना' बघायची. हिंदी अर्धं कळायचं, पण हात कळायचा. कांदा कापताना बोटं कशी आत घेतो हे तिनं मला दाखवलं होतं. आणि प्रत्येक वेळी कार्यक्रम संपला की एकच सवाल : "येवढाल्या वाट्या काढल्या त्येनं. घासतंय कोण रं?"

समाजशास्त्राच्या तीन वर्षांत मला एकाही प्राध्यापकानं याच्यापेक्षा चांगला प्रश्न विचारला नाही.

टी.व्ही.तल्या चुलीला धूर नसतो, खरकटं नसतं, मोरी नसते. चिरलेलं आधीच वाटीत हजर. कुणी चिरलं? पडद्याबाहेरच्या हातांनी. हे कामाचं झालं. पण पडद्यावर काय शिजतं? इथं 'ते सगळे शाकाहारी भट आहेत' असं ओरडून मोकळं होऊ नका. ते खोटं आहे. कोंबडी शिजते, मटण शिजतं, कोळंबी तर फार लाडाची. औरंगाबादेत कॅमेरे आले की मकबरा आणि नान खलिया दाखवूनच जातात. बोकड शिजतो, पण बोकडाचं सगळं शिजत नाही. वजडी चुन्याच्या पाण्यात टाकून, खरवडून, पांढरी होईस्तोवर धुणारी बाई तिथं दिसत नाही. मीठ टाकून थिजवलेली रक्ती नाही. दोरीवर वाळत घातलेल्या चान्या नाहीत. जनावराचा जो भाग मालकानं खाल्ला तो 'डिश' झाला, जो आमच्या वाट्याला आला तो 'घाण' राहिला. जनावर तेच, सुरी तीच.

मराठवाड्याच्याच मातीतल्या शाहू पाटोळेंनी 2015 ला 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिलं. महार-मांगांचं खाणं, त्यातल्या कृती, त्यामागची भूक आणि सात्त्विक-तामसाची सगळी भानगड. 2024 ला भूषण कोरगावकरांनी ते इंग्रजीत नेलं, 'दलित किचन्स ऑफ मराठवाडा' म्हणून, मग मोठमोठ्या इंग्रजी पेपरांना आमचं स्वयंपाकघर सापडलं. त्याआधी 2009 ला पुणे विद्यापीठाच्या सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी 'इझन्ट धिस प्लेट इंडियन?' केलं होतं. म्हंजे कागदावर आम्ही आलो. पडद्यावर नाही. आणि ज्या 2015 ला पाटोळेंचं पुस्तक आलं, त्याच 2015 च्या मार्चात गाईसोबत बैल आणि वळूही कापायचा नाही हा कायदा राज्यात लागू झाला. पाच वर्षं कैद, दहा हजार दंड. एकीकडं ताटाची नोंद होत होती, दुसरीकडं ताटाचा पंचनामा.

मीही एकदा गेलो होतो. एका वाहिनीच्या पाककृती स्पर्धेची चाचणी शहरात होती. मायच्या हातची येसर घालून केलेली वजडी डब्यात. तिथल्या बाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, वाईट काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "छान आहे हो, पण आपला फॅमिली शो आहे ना." डबा परत. येताना बसमध्ये मी विचार करत होतो : आमची फॅमिली नाही का? मग घरी जाऊन मायला खोटं सांगितलं, की नंबर उशिरा लागला.

खोटं का सांगितलं? इथं आपल्यावर येतो. लेख फक्त दुसऱ्यांना शिव्या द्यायला लिहायचा असता तर इथंच थांबलो असतो.

1927 च्या मार्चात महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. सोडलं. बरोबरच सोडलं. ते ताट आम्ही निवडलेलं नव्हतं, गावकीनं लादलेलं होतं. ज्यांना त्यात आज रोमांच वाटतो त्यांनी दया पवारांचं 'बलुतं' पुन्हा काढून वाचावं. पण बाबासाहेबांनीच 1948 च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात मांडलं, की अस्पृश्यतेचं मूळ गोमांसाशी जोडलेलं आहे. बाकीच्यांनी सोडलं, या फुटलेल्या माणसांनी खाल्लं, म्हणून ती बाहेर फेकली गेली. म्हंजे ताट हा इतिहास आहे. इतिहास सोडता येतो, लपवायचा कशाला? आम्ही मात्र नोकरी लागून सिडकोत फ्लॅट घेतला की वजडी शिजताना खिडकी लावतो. पाहुणा वरच्या जातीचा असेल तर पनीर. पनीर!

तर मग काय, आपला एक शेफ तयार करायचा, त्याला पांढरा कोट घालायचा, आणि रक्ती चिनी मातीच्या बशीत कोथिंबिरीची काडी लावून ठेवायची? त्यानं भागत नाही. रक्ती उद्या पंचतारांकित झाली तर आठशे रुपयांना मिळेल आणि करणारी बाई मागच्या दारानंच येईल.

अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला लेना रिचर्ड नावाची काळी बाई होती. जन्म 1892. गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करत वाढली, 1918 ला बोस्टनच्या फॅनी फार्मर शाळेत शिकून आली. 1937 ला स्वतःची शाळा काढली, कशासाठी तर काळ्या पोरापोरींना हुन्नर आणि बरी मजुरी मिळावी म्हणून. 1939 ला स्वतःच पुस्तक छापलं. आणि 1949 ला, बसमध्ये काळ्यांच्या बाकड्या वेगळ्या होत्या त्या गावात, स्थानिक टी.व्ही.वर तिचा स्वतःच्या नावाचा स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू झाला. आठवड्यातून दोनदा. टी.व्ही. तेव्हा बहुतेक गोऱ्यांच्याच घरी. तीच घरं, जिथं तिच्यासारख्या बाया मागच्या दारानं आत जायच्या. ती दिवाणखान्यातून आली. 1950 ला वारली. म्हंजे आपल्याकडं संविधान लागू झालं त्या वर्षी. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या एखाद्या बाईला तिच्या नावानं, तिच्या जातीचं ताट न लपवता, मोठ्या मराठी वाहिनीवर रोजची वेळ मिळाली, असं एक नाव मला सांगा. मी वाट बघतो.

आणि ज्यांच्यावरून आपण पँथर हे नाव घेतलं त्या ब्लॅक पँथरांनी 1969 च्या जानेवारीत ओकलंडच्या चर्चमध्ये शाळेतल्या पोरांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली. बंदूकवाले फोटो आपण भिंतीवर लावले. अंडी उकडणारे लावले नाहीत. आपल्या शिबिरांत भाषण पुरुषाचं आणि पिठलं बाईचं, हे मी स्वतः दहा शिबिरांत बघितलंय, आणि ताट उचलून मोरीत ठेवून पुढच्या सत्राला पळालोय.

आता मोबाइल हातात आहे. वाहिनीच्या बाईंची परवानगी लागत नाही. गल्लीतल्या पोरांनी ठरवलंय, मायचं एकेक कालवण चित्रित करायचं. पहिल्या दिवशीच गोची झाली. पोरगं विचारतंय, "आजी, येसर किती चमचे?" माय म्हणते, "चमचा कुठला? हाताला कळतंय." 'रुचिरा'च्या वाटी-चमच्याच्या मापात ती बसत नाही, अन् आम्ही तिला बसवायला निघालो होतो. मग ठरलं, माप विचारायचं नाही, गोष्ट विचारायची. वजडी धुवायला कुणी शिकवलं, पहिल्यांदा विकत कधी आणली, तेल घरात कधी आलं.

तिनं दोन अटी घातल्या. खिडकी उघडी राहील. आणि शूटिंग झाल्यावर भांडी पोरांनी घासायची, अन् तेबी घ्यायचं. पहिली अट सगळ्यांनी टाळ्या वाजवून मंजूर केली. दुसरीवर अजून चर्चा चालू आहे.