'पार्ट मिळत नाही' म्हणजे काय?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात झाकून ठेवलेला एखादा जुना संगणक असेल. तो का बंद आहे, असे विचारलेत तर उत्तर ठरलेले असते : "त्याचा पार्ट आता मिळत नाही." मग डेडस्टॉक रजिस्टरात नोंद होते आणि संगणक भंगारात जातो. माझे म्हणणे असे की, या उत्तरावर इतक्या लवकर विश्वास ठेवू नये.

अडचण खरी आहे, आणि ती केवळ शाळांची नाही. इंटेलने ८०८६ ही चिप १९७८ साली बाजारात आणली. अमेरिकेच्या स्पेस शटलचे बूस्टर अग्निबाण जमिनीवर तपासणाऱ्या यंत्रणेत ती वापरलेली होती. शटलची उड्डाणे १९८१ पासून २०११ पर्यंत चालली. चिपांच्या पिढ्या मात्र काही वर्षांतच बदलतात. परिणामी २००२ च्या सुमारास नासाची माणसे जुनी वैद्यकीय उपकरणे विकत घेऊन त्यांतल्या ८०८६ चिपा काढून घेत होती! चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या संस्थेची ही गत, मग आपली काय कथा?

जुन्या मालाच्या बाजारात आणखी एक धोका असतो. टाकाऊ पट्ट्यांवरच्या आयसी तापवून काढायच्या, पाय सरळ करायचे, वरचा छाप घासून नवा छापायचा, असा उद्योग जगभर चालतो. अमेरिकी सिनेटच्या एका समितीला २०१२ च्या अहवालात लष्करी पुरवठ्यातच अशा संशयित भागांची सुमारे १,८०० प्रकरणे आढळली. भागांची संख्या दहा लाखांवर होती. म्हणून केवळ छापलेला क्रमांक जुळला की काम झाले, असे समजू नका.

क्रमांकापेक्षा तो भाग काय काम करतो, हे आधी पाहा. समजा ७४एलएस०४ ही आयसी बिघडली आणि दुकानदाराने ७४एचसी०४ दिली. पाय तेवढेच, कामही तेच. पण ५ व्होल्टच्या मंडलात एलएस जातीची आयसी 'एक' हा संकेत देताना किमान २.७ व्होल्टचीच हमी देते, आणि एचसी जातीला तो ओळखण्यासाठी सुमारे ३.५ व्होल्ट लागतात. मग यंत्र कधी चालते, कधी अडते. ७४एचसीटी०४ ला मात्र २ व्होल्ट पुरतात. ती बहुधा बिनतक्रार चालते. हा फरक दुकानात कळत नाही, माहितीपत्रकात कळतो.

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचेही असेच. त्यातला द्रव वर्षानुवर्षे वाळत जातो आणि पुष्कळदा सारा दोष तेवढाच असतो. बदलताना मायक्रोफॅरड तेच ठेवावे, व्होल्टची मर्यादा तीच किंवा थोडी जास्त असावी, ८५ अंशांच्या जागी १०५ अंशांचा मिळाला तर उत्तमच. धन-ऋण टोके उलटी जोडू नयेत. (हे काम शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा. वीजपुरवठ्याच्या पेटीतले कपॅसिटर बटण बंद केल्यावरही धक्का देऊ शकतात.)

फ्लॉपी ड्राइव्ह बिघडली तर तिच्या जागी बसणारी आणि पेनड्राइव्ह घेणारी पेटी मिळते. संगणकाला फरक कळत नाही, कारण तारांवरून येणारे संकेत त्याला हवे तसेच असतात.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. उपकरण घेताना दरपत्रकात मंडलाच्या आकृतीची आणि सुट्या भागांच्या यादीची अट घाला. आमच्या महाविद्यालयाला एका पुरवठादाराने आकृती 'गोपनीय' म्हणून नाकारली होती. अशा वेळी, माझ्या मते, दर थोडा जास्त पडला तरी आकृती देणाऱ्याकडूनच माल घ्यावा. आणि जुने यंत्र भंगारात देण्यापूर्वी त्याची पुस्तिका तरी काढून ग्रंथालयात ठेवावी. तिच्यासाठी कपाटात बोटभर जागा पुरते.