पायाचे व्याकरण

गेली अठरा वर्षे मी वर्गात व्याकरण शिकवतो. कर्ता, कर्म, क्रियापद यांच्या जागा चुकल्या की वाक्य बिघडते, हे मुलांना घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. पण जागा चुकली तर हाडेही मोडू शकतात, हे मला यंदा, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, आमच्या गंगापूर रोडवर कळले. शिकविणारी होती एक मोटारसायकल. दुसऱ्याने चार वर्षे वापरलेली, म्हणजे जुनी. मला मात्र अगदी नवी.

त्याआधी आमच्या घरात एकच गाडी होती. वडिलांनी 1984 साली घेतलेली बुलेट. एका सिलिंडरची, 346 सीसीची, मद्रासच्या कारखान्यातली. त्या वेळी आनंदवल्लीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना मळे होते आणि संध्याकाळी शांतता इतकी असे, की वडील जुन्या गंगापूर नाक्यावरून वळले की आईला घरात आवाज ऐकू येई. ती लगेच चहाचे आधण ठेवी. वडील दारात पाय ठेवीत तेव्हा चहा उकळत असे. घड्याळाची आमच्याकडे फारशी गरज नव्हती. वडील तीन वर्षांपूर्वी गेले. गाडी माझ्याकडे आली, आवाज तोच राहिला आणि आधणही चालू राहिले.

पुढे माझ्या उजव्या गुडघ्याने राजीनामा दिला. "किक मारणे बंद," डॉक्टर म्हणाले. मग बटणावर सुरू होणारी गाडी पाहणे आले. आमच्या सौभाग्यवतींचे म्हणणे, "गुडघ्यासाठीच घ्यायची, तर स्कूटर घ्या." वाचकहो, हा सल्ला अत्यंत शहाणपणाचा होता, म्हणूनच मी तो ऐकला नाही. बदली झालेल्या एका गृहस्थांची रॉयल एन्फिल्ड इंटरसेप्टर 650 विकाऊ होती. चासी नंबर आणि इंजिन नंबर कागदाशी पडताळले, नमुना 29 आणि 30 वर सह्या झाल्या, विमा नावावर करून घेतला आणि 200 किलोंहून जड असे ते धूड आमच्या अंगणात उभे राहिले.

शेजारचे नाना पाहायला आले. "दोन सायलेन्सर? आमच्या येझदीलाही होते की!" नानांचे खरे होते आणि नव्हतेही. म्हैसूरच्या कारखान्यातल्या त्या 250 सीसीच्या जावा-येझदीला नळकांडी दोन असली तरी सिलिंडर एकच असे. येथे दोन्ही दोन होते. सिलिंडर दोन, मिळून 648 सीसी. इंटरसेप्टर हे नाव मात्र जुनेच. इंग्लंडातल्या रेडिचच्या कारखान्यातून 1960च्या दशकात त्या नावाची दोन सिलिंडरची गाडी निघत असे. इकडे 1955 साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया निघाली. पुढे रेडिचचे दुकान मिटले, पण मद्रासचे चालू राहिले. 2018च्या नोव्हेंबरात ते नाव नव्या गाडीला लावून भारताच्या बाजारात आले. आईबापाचे घर मिटले आणि दत्तक गेलेल्या मुलाने आडनाव चालविले, असाच हा प्रकार.

पहिली गंमत आवाजाची. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा स्फोट दोन फेऱ्यांत एकदा होतो. बुलेटचा सिलिंडर एक, म्हणून ठोका एक, मग तितकीच विश्रांती, मग पुन्हा ठोका. जुन्या ब्रिटिश जोडसिलिंडर गाड्यांत दोघांचे ठोके सारख्या अंतरावर पडत. या नव्या गाडीच्या क्रँकला मात्र 270 अंशांचा कोन दिला आहे. त्यामुळे पहिल्या ठोक्यानंतर दुसरा 270 अंशांवर आणि त्यानंतरचा 450 अंशांवर पडतो. एक अंतर आखूड, एक लांब. लघू, गुरू, लघू, गुरू! मराठीच्या मास्तराला याहून अधिक काय हवे? मी सौ.ला हे वृत्त समजावून सांगू लागलो तेव्हा ती म्हणाली, "आधी वळण नीट घ्या."

कारण अडचण कानाची नव्हती, पायाची होती. वडिलांच्या बुलेटला गियर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी. पहिला गियर वर, बाकीचे तीन खाली. ब्रिटिशांची ही रीत. पुढे 1970च्या दशकात अमेरिकेने कायद्यानेच गियर डावीकडे आणि ब्रेक उजवीकडे आणला, आणि हळूहळू सारे जग तिकडे वळले. नव्या गाडीला गियर डाव्या पायाशी, पहिला खाली आणि उरलेले पाच वर. म्हणजे बाजू उलट आणि दिशाही उलट. पंचवीस वर्षे मराठी बोललेल्या पायाला एका रात्रीत उजवीकडून डावीकडे लिहायला लावावे, तसे झाले.

त्यातून मी एक मूर्खपणा केला. बुलेट सोडवेना, म्हणून एक दिवस ही, एक दिवस ती, असे सुरू केले. ती सुरू करायची झाली की शेजारच्या पोराला किक मारायला बोलवी. शांत रस्त्यावर जमेही. डोके ठिकाणावर असले की पाय ऐकतो. पण संकट आले की पाय डोक्याला विचारीत नाही.

श्रावणातली गोष्ट. पाऊस नुकताच उघडला होता. आनंदवल्लीजवळ सायकलवरचा एक मुलगा दप्तर सावरीत एकाएकी आडवा आला. माझा डावा पाय सर्व शक्तीनिशी खाली गेला. तिथे ब्रेक नव्हता, गियर होता. गाडी थांबायच्या ऐवजी इंजिन किंचाळले आणि हिसका बसला. अखेर हाताने पुढचा ब्रेक आवळला. 2019च्या एप्रिलपासून 125 सीसीवरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचे झाले आहे. चाक जाम होऊ न देणारी ती व्यवस्था त्या ओल्या रस्त्यावर नसती, तर हा लेख लिहायला मी नसतो, किंवा असूनही लिहू शकलो नसतो. मुलगा आणि माझे चाक यांत एका हाताचे अंतर उरले होते. "काका, लागलं नाही," असे म्हणून तो निघूनही गेला. मी मात्र बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा होतो. गुडघे लटपटत होते, दोन्ही.

मिस्त्रीला सारे सांगितले. त्याने हात पुसले आणि म्हणाला, "सर, गाडीत काही नाही. पायात दोन गाड्या आहेत. एक काढा."

कोणती काढायची, हे त्याने सांगितले नाही. सांगायची गरज नव्हती. पण घरी आईला कसे सांगायचे? चार दिवस मी गप्प होतो. पाचव्या दिवशी त्या मुलाची गोष्ट तिच्यापुढे बोलून गेलो. आई वाती वळीत होती. हात न थांबविता म्हणाली, "गाडी त्यांची होती रे. पाय तुझे आहेत. आणि ते पोर कुणाचं तरी आहे."

बुलेट सिन्नरला भाच्याकडे गेली. त्याने दुसरी गाडी कधी चालविलेलीच नाही, तेव्हा त्याच्या पायात गोंधळ नाही. दसऱ्याला मुद्दाम तिला इकडे आणून दोन्ही गाड्यांना झेंडूची माळ घातली. आईने दोघींना हळदकुंकू लावले, बुलेटला जरा जास्तच लावले, आणि आम्ही कोणी काही बोललो नाही.

मी मात्र महिनाभर पहाटे सोमेश्वरच्या पुढे, धरणाकडच्या मोकळ्या रस्त्यावर उजळणी केली. मनाशी म्हणायचे, "डावा गियर, उजवा ब्रेक," आणि कोणी आडवे आले आहे असे समजून थांबायचे. शंभर वेळा, दोनशे वेळा. विद्यार्थ्यांना पाढे पाठ करायला का लावतात, हे मला आता समजते. घाबरलेल्या माणसाजवळ पाठ असलेले तेवढेच उरते.

आवाजाचे काय झाले, असे विचाराल. आता रस्त्यावर रहदारी फार, नाक्यावरून काही ऐकू येत नाही. पहिले काही दिवस मी दारात येई तेव्हा आई दचकून विचारी, "कधी आलास?" परवा आलो, तर चहा उकळत होता.

"आज कसं कळलं?"

"गल्लीत शिरलास तेव्हाच. तुझी गाडी जरा अडखळत येते," आई म्हणाली. "पण येते."