मेलमॉट एकटा नसतो

एखादा बडा उद्योगपती गजाआड गेला की समाजात संतापाची लाट उसळते. वृत्तपत्रांचे रकाने त्याच्या महालांच्या आणि मोटारींच्या वर्णनांनी भरून जातात, आणि काही महिन्यांत सारे पूर्ववत होते. खलनायक सापडला म्हणजे नाटक संपले, असे मानण्याची ही सवय जुनी आहे. ती किती जुनी आहे हे पाहण्यासाठी दीडशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये डोकवावे लागते. अँथनी ट्रोलप या इंग्रज कादंबरीकाराची ‘द वे वुई लिव्ह नाऊ’ ही शंभर प्रकरणांची उपरोधिक कादंबरी १८७५ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. ऑस्ट्रेलियाचा प्रवास आटोपून १८७२ साली मायदेशी परतलेल्या ट्रोलपला व्यापारातील अप्रामाणिकपणाला मिळू लागलेली प्रतिष्ठा अस्वस्थ करीत होती. त्या अस्वस्थतेतून ही कादंबरी जन्मली.

कथानायक ऑगस्टस मेलमॉट पॅरिसहून लंडनला येतो. त्याचे कूळ, मूळ आणि संपत्तीचा उगम कोणालाही ठाऊक नाही. तथापि ग्रोव्हनर स्क्वेअरमधील त्याच्या प्रासादात मेजवान्या झडू लागताच हे प्रश्न विचारणे असभ्यपणाचे ठरते. लवकरच तो एका रेल्वे कंपनीचा अध्यक्ष होतो. अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीपासून मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदरापर्यंत हा लोहमार्ग जाणार असतो. प्रत्यक्षात रूळ टाकण्याची निकड कोणालाच नसते. नफा मिळवायचा तो लोहमार्गातून नव्हे, तर त्याच्या नावाने निघालेल्या शेअर्सच्या खरेदी-विक्रीतून.

ट्रोलपचा उपरोध सर्वांत धारदार होतो तो संचालक मंडळाच्या बैठकीत. मंडळावर कर्जबाजारी सरदार आहेत, जुगारी उमराव आहेत, जमीनदार आहेत. वृत्तान्त घाईघाईने वाचला जातो, सह्या होतात आणि काही मिनिटांत बैठक आटोपते. पॉल मॉन्टेग्यू हा एकटा तरुण संचालक हिशेब मागू पाहतो, तर मंडळाच्या एकमताचा भंग करणे किती अनुचित आहे हे त्यालाच सुनावले जाते. तोही सर्वस्वी निष्कलंक नाही. शंका मनात असतानाही त्याने कंपनीकडून मिळणारे पैसे काही काळ घेतलेलेच असतात.

पुढचा प्रवास चढणीचा आणि म्हणूनच घसरणीचा आहे. मेलमॉट चीनच्या सम्राटाला मेजवानी देतो, वेस्टमिन्स्टरमधून पार्लमेंटवर निवडून येतो. त्याच सुमारास एका जमीनदाराच्या मालमत्तेच्या कागदपत्रांत त्याने बनावट सही केल्याची कुजबुज सुरू होते. ती उघडकीस कोणी आणली? सरकारने नाही, संचालकांनी नाही, वृत्तपत्रांनीही नाही. डॉली लाँगस्टाफ या आळसासाठी प्रसिद्ध असलेल्या तरुणाने केवळ दोन साध्या गोष्टी धरून ठेवल्या : ही सही माझी नाही, आणि माझे पैसे कोठे आहेत? एवढ्या दोन वाक्यांच्या भाराने साम्राज्याचा डोलारा ढासळला. अखेरीस भर सभागृहात मद्यधुंद अवस्थेत हसे करून घेतलेला मेलमॉट त्याच रात्री घरी विष घेऊन जीवनयात्रा संपवतो. काल ज्यांनी त्याच्या मेजवानीच्या निमंत्रणासाठी धडपड केली, तेच आज म्हणतात, हा परकाच होता!

लेखकाचा खरा रोख या वाक्यावर आहे. मेलमॉटवर परकेपणाचा, यहुदी असण्याचा शिक्का मारून लंडनचे उच्चभ्रू स्वतःची सुटका करून घेतात. परंतु याच कादंबरीत ब्रेगर्ट हा यहुदी सावकार कोणत्याही इंग्रज उमरावाहून सरळ आणि सचोटीचा रेखाटला आहे. दोष वंशाचा नव्हता. ज्यांनी आपली कुळे, पदव्या आणि नावे भाड्याने दिली, त्यांचा होता.

मुंबईला ही कथा अनोळखी वाटण्याचे कारण नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाचे भाव कडाडले आणि या शहरात पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे शेअर्स मूळ किमतीच्या कित्येक पटींनी विकले जाऊ लागले. युद्ध संपताच १८६५ मध्ये हा फुगा फुटला, असंख्य घराणी धुळीस मिळाली आणि बँक ऑफ बॉम्बेही त्या ओझ्याखाली बुडाली. ट्रोलपचे पुस्तक निघाले त्याच १८७५ साली मुंबईच्या दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तीच आजचा मुंबई शेअर बाजार.

त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी हैदराबादच्या ‘सत्यम’ कंपनीने तोच प्रयोग नव्या वेशात सादर केला. सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम कारभाराबद्दल पारितोषिक स्वीकारणाऱ्या या कंपनीच्या संस्थापकाने ७ जानेवारी २००९ रोजी पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदात दाखविलेली पाच हजार कोटींहून अधिक रक्कम अस्तित्वातच नाही. मंडळावर नामांकित प्राध्यापक आणि निवृत्त उच्चाधिकारी होते, लेखापरीक्षक जागतिक कीर्तीचे होते. बँकेतील शिलकीची थेट बँकेकडे काटेकोर खातरजमा झाली असती, तर डॉलीचा तो प्रश्न कितीतरी आधी विचारला गेला असता. एप्रिल २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने संस्थापकाला सात वर्षांची शिक्षा सुनावली. पुढे अपिलात तिला स्थगितीही मिळाली. दरम्यान ज्या सामान्य भागधारकांची पुंजी गेली, त्यांच्या नुकसानीला मात्र कोणी स्थगिती दिली नाही.

महत्त्वाकांक्षा हे पाप नव्हे. अर्थ हा भारतीय परंपरेने मानलेला पुरुषार्थ आहे आणि उद्योगाची उभारणी हे राष्ट्रकार्यच आहे. मात्र चार पुरुषार्थांत धर्माचे स्थान पहिले आहे, कारण संपत्ती कोणत्या मार्गाने आली, हा प्रश्न ती किती आली याच्या आधी विचारायचा असतो. हा क्रम उलटला की मेलमॉट निर्माण होतात, आणि समाज त्यांना सभा-समारंभांत पहिल्या रांगेत बसवतो.

२०१३ च्या कंपनी कायद्याने स्वतंत्र संचालकांची कर्तव्ये नेमकी केली, लेखापरीक्षक ठरावीक काळाने बदलणे मोठ्या कंपन्यांना बंधनकारक केले. हे आवश्यकच होते. तथापि बैठकीत हात वर करून हिशेब मागण्याचे धैर्य कायदा देऊ शकत नाही. ते धैर्य संस्कारातून येते, आणि असा प्रश्न विचारणाऱ्याला विघ्नसंतोषी न ठरवणाऱ्या समाजात टिकते. पुढचा मेलमॉट कोसळेल तेव्हा त्याच्या महालाचे फोटो छापून येतीलच. त्या महालातील मेजवान्यांना कोण कोण आवर्जून उपस्थित होते, याची यादीही त्यांच्याशेजारी छापली गेली पाहिजे.