पोरांची पलटण

दिवाळीला मुलगा-सून, लेक-जावई आले, की आमच्या सीताबर्डीच्या घरात पाय ठेवायला जागा उरत नाही. यंदा "आली पलटण! चकल्यांचा डबा वर ठेवते," असे सौभाग्यवती म्हणाल्या आणि धाकट्या नातवाने मला गाठले, "आबा, पलटण म्हणजे काय हो?"

मी किल्ल्याच्या टेकडीकडे बोट दाखवले. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी इथेच अप्पासाहेब भोसल्यांची फौज इंग्रजांच्या पलटणींशी भिडली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झुंज चालली. धाकटी टेकडी भोसल्यांच्या अरबांनी घेतलीही. पण ती हातची गेली, आणि तिच्यामागोमाग नागपूरचे राज्य. त्या पलटणींतले शिपाई मात्र बहुतेक आपल्याच देशातले, मद्रासकडचे!

शब्द तेवढा परदेशचा. लॅटिनात 'पिला' म्हणजे चेंडू. त्यावरून फ्रेंचांनी सुताच्या गुंड्याला नाव दिले, मग माणसांच्या घोळक्याला, मग शिपायांच्या तुकडीला. तोच शब्द रशियनांकडे 'प्लुतोंग' झाला, इंग्रजांकडे 'प्लॅटून' आणि आपल्याकडे पलटण. काही पंडित तिला 'बटालियन'ची लेक मानतात. प्लॅटूनमध्ये शिपाई तीस-चाळीस, पलटणीत शेकडो. तेव्हा त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण बटालियनही फ्रेंचांच्याच दारावरून आलेली, आणि तिचे मूळही लॅटिनच, 'ठोकणे' या अर्थाचे. घर कोणतेही माना, गाव एकच!

नातवाला यातला चेंडू तेवढा पटला. ठोकाठोकीची भानगड ऐकून तो म्हणाला, "मग आम्ही पलटण नाही, बच्चेकंपनी!"

मला हसू आवरेना. कंपनीही त्याच वाटेने आलेली. लॅटिनात 'कुम' म्हणजे सोबत, 'पानिस' म्हणजे भाकरी. एकत्र बसून भाकरी खाणारे, ते सोबती. ज्या कंपनीच्या पलटणींनी या टेकडीवर आमचे राज्य हिसकावले, त्या दोघींची नावे आज आम्ही पोरांना लाडाने देतो. राज्य घेणारे गेले; शब्द आमच्या घरात राहिले, आणि घरचेच झाले.

हे सारे मी स्वयंपाकघरात जाऊन सांगितले. सौभाग्यवती म्हणाल्या, "म्हणजे सगळ्यांनी मिळून खायचे, एवढेच ना?" आणि चकल्यांचा डबा खाली उतरला.