ऑइल बदललं म्हणून वॉरंटी जाते का?

नवी बाइक घेऊन चार-पाच महिने झालेत. दुसरं फ्री सर्व्हिसिंग तोंडावर आलंय. यूट्यूबवर दोन-चार व्हिडीओ पाहून तुम्ही ठरवलंय, या वेळी फुल सिंथेटिक टाकायचं. ऑनलाइन सेलमध्ये डबा मागवलाय. तो घेऊन सर्व्हिस सेंटरला जाता आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, "बाहेरचं ऑइल टाकलं तर वॉरंटी जाईल, बरं का!" बाइकचे हप्ते अजून बरेच बाकी आहेत. डबा गपचूप सॅकमध्ये परत जातो.

कॉलेजच्या पार्किंगमध्ये विचारून बघा, हा अनुभव अनेकांना आलेला असतो. पण त्या एका वाक्यात खरं किती आणि धाक किती?

आधी एक साधी गोष्ट. फ्री सर्व्हिसिंगमध्ये मजुरी फुकट असते, ऑइलचे पैसे आपणच देतो. म्हणजे हा आपल्या खिशाचा प्रश्न आहे. शिवाय बहुतेक बाइक कंपन्या ऑइल स्वतः बनवत नाहीत. तेल कंपन्या ते बनवून देतात, डब्यावर नाव बाइक कंपनीचं असतं. त्यामुळे 'कंपनीचं ऑइल' आणि 'बाहेरचं ऑइल' यातला फरक आपल्याला वाटतो तेवढा मोठा असेलच असं नाही.

आता वॉरंटीकडे येऊ. वॉरंटी म्हणजे, बनावटीत दोष निघाला तर तो फुकट दुरुस्त करून देऊ, हे कंपनीचं वचन. चुकीच्या ऑइलमुळे इंजिन खराब झालं, तर कंपनीने तो खर्च नाकारणं समजू शकतो. पण ऑइल बदललं म्हणून मीटर किंवा इग्निशन स्विचचा क्लेमही नाकारायचा, याला काय अर्थ? 'त्या नुकसानाची भरपाई मिळणार नाही' आणि 'अख्खी वॉरंटी गेली' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. काउंटरवर मात्र ती एकच करून ऐकवली जातात.

हा वाद आपल्याकडे एकदा मोठ्या पातळीवर झालाय. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने सुट्या भागांच्या मक्तेदारीवरून १४ कार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्याच आदेशात आयोगाने सांगितलं की, ग्राहकाने बाहेरच्या गॅरेजमध्ये काम करून घेतलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही; बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. मात्र हा आदेश चारचाकीवाल्यांसाठी होता आणि कंपन्यांनी त्याला पुढे आव्हानही दिलं. त्यामुळे तो मोबाइलवर दाखवून सर्व्हिस सेंटरमध्ये भांडण जिंकता येणार नाही. त्यातलं तत्त्व मात्र लक्षात ठेवण्यासारखं आहे.

अमेरिकेत हे तत्त्व थेट कायद्यात आहे. तिथल्या १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायद्यानुसार, ठरावीक ब्रँडची वस्तूच वापरा अशी अट वॉरंटीला सहसा घालता येत नाही. ती वस्तू कंपनी फुकट देत असेल तर गोष्ट वेगळी. २०२२ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने याच मुद्द्यावर हार्ले-डेव्हिडसनवर कारवाई केली. बाहेरचे पार्ट वापरले म्हणून वॉरंटी जाणार नाही, असं कंपनीला वॉरंटीत स्पष्ट लिहायला लावलं.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. मोबाइल आणि शेतीच्या अवजारांबरोबर वाहनंही तिच्या यादीत होती. डिसेंबरमध्ये पोर्टलही सुरू झालं. पण पोर्टल म्हणजे कायदा नाही. असा स्वतंत्र कायदा होत नाही, तोवर तुमच्या हातातलं वॉरंटी बुकलेटच महत्त्वाचं.

म्हणून ते वाचा! त्यात ग्रेडची अट आहे की ब्रँडची, हे बघा. '१०डब्ल्यू-३०, जासो एमए२' असं काही लिहिलेलं असेल, तर तो दर्जा पाळणं तुमचं काम. फक्त एकाच ब्रँडची सक्ती असेल, तर ती अट लेखी दाखवायला सांगा. अधिकृत सर्व्हिसिंग वेळेत करण्याची अट असेल, तर मात्र ती चुकवू नका. तिथे वॉरंटी खरंच अडकते.

इथे सुपरवायझरची बाजूही ऐकायला हवी, कारण चुकीचं ऑइल नुकसान करतं हे खोटं नाही. बहुतेक बाइकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच एकाच ऑइलवर चालतात. कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ती क्लच प्लेटपर्यंत पोहोचली की क्लच स्लिप व्हायला लागतो. त्यासाठीच बाइकच्या डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' बघायचं. 'एमबी' लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी चालतं, गिअरच्या बाइकसाठी नाही. म्हणजे दोष 'सिंथेटिक' या शब्दात नाही, चुकीच्या ग्रेडमध्ये आहे. आणि सिंथेटिक जास्त टिकतं म्हणून बुकलेटमधलं किलोमीटरचं अंतर वाढवायला जाऊ नका. ती चूक महागात पडेल.

तरीही सिंथेटिक टाकायचंच असेल, तर ऑइल ओळखीच्या दुकानातून पक्क्या बिलावर घ्या. डब्याचं सील आणि बॅच नंबर यांचा फोटो काढा. शक्य असेल तर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच ते भरून घ्या आणि जॉब कार्डवर ब्रँड, ग्रेड, किलोमीटर लिहून घ्या. "वॉरंटी जाईल" असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा, "हेच जॉब कार्डवर लिहून सही करून द्या." तोंडी धाक लेखी द्यायची वेळ आली की बोलणाऱ्याचा सूर बऱ्याचदा बदलतो.

उद्या क्लेम नाकारलाच, तर बिघाड ऑइलमुळेच झाला हे कशावरून ठरवलं, ते लेखी मागा. समाधान झालं नाही तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला फी लागत नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या बाइक त्यात बसतात. फक्त ते बिल आणि जॉब कार्ड डिकीतल्या पावसाळी पाण्यात भिजू देऊ नका.