चैन भाड्याने, गरज कर्जाने

मुंबईत आलिशान स्पोर्ट्‌स मोटार आता दिवसाच्या भाड्याने मिळते. हौशी तरुण ती घेऊन मिरवतो, परत करतो आणि मोकळा होतो. या चंगळवादावर कोरडे ओढणे सोपे आहे. परंतु विमा, घसारा, देखभाल यांपैकी कशाचाही बोजा त्याच्या माथी राहत नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

हे शहाणपण कष्टकऱ्याला मात्र उपलब्ध नाही. कामावर पोचण्यासाठी त्याला दुचाकी विकत घ्यावी लागते, तीही हप्त्यांनी. देशातील नोंदणीकृत वाहनांत सुमारे तीन चतुर्थांश दुचाकीच आहेत. याला निव्वळ समृद्धी म्हणणे ही आत्मवंचना होय. २०२२ साली रस्ते अपघातांत मरण पावलेल्या १,६८,४९१ जणांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरील होते.

शासन कोणाच्या बाजूचे आहे? सार्वजनिक पैशातून उभारलेला मुंबईचा सागरी किनारा मार्ग २०२४ साली खुला झाला. तेथे स्पोर्ट्‌स मोटारीस मुभा आहे, दुचाकीस बंदी. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतर पन्नास माणसे वाहणारी डिझेल बस आणि लहान खाजगी मोटार या दोहोंवर जीएसटी सारखाच, १८ टक्के!

वाहन भाड्याने वापरून सोडून देण्याची सोय खऱ्या अर्थाने बसच देते. तिकीट म्हणजे गरिबाचे भाडेच. म्हणून कार्यकर्त्यांनी श्रीमंतांच्या मोटारींकडे बोट दाखवून थांबू नये. आपल्या आगारातून किती बस सुटतात आणि किती रद्द होतात, हा प्रश्न त्यांनी चव्हाट्यावर आणावा.