पडीक इमारतीत गेलात, तर जागा लपवू नका

पडीक इमारती शोधत फिरण्याचा छंद मुंबईत आता चांगलाच रुजला आहे. याला अर्बन एक्सप्लोरेशन म्हणतात, मुलं नुसतं ‘अर्बेक्स’ म्हणतात. उपग्रहाच्या नकाशावर छप्पर खचलेलं दिसलं, अंगणात झाडी माजलेली दिसली, की शनिवारी दोघं-तिघं पाठीवर सॅक टाकून निघतात. बंद गिरण्या, अर्धवट सोडलेले टॉवर, रिकामे बंगले, जुन्या कामगार वसाहती. फोटो काढायचे, रील बनवायचं आणि जागा कुठे आहे ते कुणालाही सांगायचं नाही. हा शेवटचा नियम या मंडळींमध्ये जगभर पाळला जातो. जागा जाहीर झाली की चोर येतात, भंगारवाले येतात, भिंतींवर नावं कोरणारे येतात, असं त्यांचं म्हणणं. ते चुकीचं नाही.

या छंदाला शिव्या घालायला मी हे लिहीत नाही. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर गिरणगावाचं काय झालं, हे पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींपेक्षा एखादी बंद गिरणी पाहून जास्त कळतं. कुतूहल हा काही आजार नाही. माझी तक्रार फक्त त्या जागा लपवण्याच्या नियमाबद्दल आहे. समाजमाध्यमांवर जागा लपवा, जरूर लपवा. पण तीच सवय घरी आणि पुढे डॉक्टरसमोर चालू राहते, आणि वैद्यकीय दृष्टीने खरा घात तिथे होतो.

आधी आमच्या भागाबद्दल दोन शब्द, कारण ट्रॉम्बेचा नकाशा फसवा आहे. टेकडीपासून खाडीपर्यंत मोठा हिरवा पट्टा दिसतो, मध्ये तुरळक इमारती. ती पडीक जमीन नव्हे. १९५४ पासून तिथे अणुऊर्जेचं केंद्र आहे, १९६७ पासून ते भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखलं जातं. आजूबाजूला रिफायनऱ्या, खत कारखाना, वीज केंद्र. इथल्या कुंपणाआड जे ओसाड वाटतं ते बहुतेक वेळा ओसाड नसतं. प्रतिबंधित क्षेत्रात शिरणं किंवा तिथले फोटो काढणं हा साधा खोडसाळपणा धरला जात नाही, गंभीर गुन्हा ठरू शकतो. माहुलच्या प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या इमारतींचंही तसंच. हजारो खोल्या रिकाम्या राहिल्या, कारण शेजारच्या कारखान्यांमुळे तिथली हवा राहण्याजोगी नाही अशी रहिवाशांची तक्रार होती आणि तो वाद हरित लवाद आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला. पण त्याच इमारतींत माणसं राहतही आहेत. कुणाच्या तरी दाराबाहेर उभं राहून ‘भुताटकी’चं रील करणं मला तरी बरं वाटत नाही.

आता मूळ मुद्दा.

ताप घेऊन आलेल्या तरुणाला आम्ही विचारतो, “गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठे गेला होतास?” उत्तर बहुधा एकच, “कुठेच नाही, कॉलेज आणि घर.” शेजारी आई बसलेली असते. मग आम्ही मलेरिया, डेंग्यूच्या तपासण्या करतो. पण तोच मुलगा दहा दिवसांपूर्वी एखाद्या गिरणीच्या तळघरात घोटाभर पाण्यातून चालला असेल, पायाला खरचटलं असेल आणि त्या पाण्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असेल, तर पहिला संशय लेप्टोचा घ्यायला हवा. लेप्टोची लक्षणं साधारण दोन दिवसांपासून महिन्याभरात कधीही दिसतात, बहुतेकदा एक-दोन आठवड्यांत. ताप, पोटऱ्या दाबल्या तरी दुखणं, डोळे लाल होणं. पुढे लघवी कमी होणं, कावीळ, धाप. सुरुवातीलाच ओळखला तर साध्या प्रतिजैविकाने बरा होणारा हा आजार आहे. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि फुप्फुसं धोक्यात येतात. अशा पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटलात तर प्रतिबंधक गोळी देता येते. पण त्यासाठी ‘पाण्यातून चाललो’ हे वाक्य तोंडातून निघायला हवं.

दुसरं उदाहरण वटवाघळांचं. बंद, दमट जागेत त्यांच्या विष्ठेचा थर साचतो आणि त्यात हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी वाढू शकते. पाय पडला की धूळ उडते, ती श्वासातून आत जाते. बहुतेकांना काही होत नाही. काहींना आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप, कोरडा खोकला, छातीत दुखणं सुरू होतं. आपल्याकडे हा आजार नेहमीचा नाही. त्याचा एक्स-रे क्षयरोगासारखा दिसू शकतो आणि आपल्याकडे क्षयरोग इतका की डॉक्टरांचं मन आधी तिकडेच जातं. वटवाघळांच्या खोलीत गेलो होतो, एवढं सांगितलं तर निदानाची दिशाच बदलते. कबुतरांचं थोडं वेगळं आहे. तिथे त्रास प्रामुख्याने पुन्हा पुन्हा संपर्क येणाऱ्यांना होतो. फुप्फुसांना त्या विष्ठेची आणि पिसांच्या कणांची ॲलर्जी जडते आणि दर वेळी जाऊन आल्यावर काही तासांनी खोकला, कसकस, धाप लागते. ज्यांना दमा आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे, त्यांनी अशा जागी जाऊच नये. एन-९५ मास्कने धोका कमी होतो, शून्य होत नाही. रुमाल बांधून काहीच होत नाही.

याउलट ॲस्बेस्टॉसची भीती मला थोडी भलतीकडे गेलेली वाटते. जुन्या कारखान्यांवर सिमेंट-ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतात. त्यांचे तंतू फुप्फुसांना घातक आहेत हे खरं, पण तो आजार सहसा वर्षानुवर्षांच्या संपर्काने होतो आणि दिसायला काही दशकं लागतात. एकदा जाऊन आलेल्याने त्यासाठी सीटी स्कॅन करून घेण्याची गरज नाही. त्या पत्र्यांचा तातडीचा धोका साधा आहे. ते ठिसूळ असतात, माणसाचं वजन पेलत नाहीत, आणि फोटोसाठी वर चढलेला सरळ खाली येतो. स्लॅबचंही तेच. आतली सळई गंजून फुगते, काँक्रीट पोपड्यासारखं सुटतं, वरून मात्र फरशी शाबूत दिसते. दर पावसाळ्याआधी म्हाडा आणि महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या काढतात, त्या याद्यांतली नावं म्हणजे फिरायला जायच्या जागा नव्हेत. अंधारात लिफ्टचा उघडा खड्डा दिसत नाही हेही ध्यानात असू द्या.

गंजलेल्या खिळ्याबद्दल सगळ्यांना माहीत असतं, पण अर्धवट. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जंतू मातीत, शेणात, धुळीत असतात. खिळा फक्त त्यांना खोलवर पोचवतो. खोल, मळकी जखम असेल आणि शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं होऊन गेली असतील, तर पुन्हा घ्यावं लागतं. कुत्रा चावला किंवा त्याने नुसतं ओरबाडलं, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस सुरू करा. पडीक आवारात पिल्लं राखणारी कुत्री असतात. रेबीजची लक्षणं दिसू लागली की जवळजवळ कुणीही वाचत नाही, त्यामुळे घरी ओरडा बसेल म्हणून ओरखडा लपवणं हा व्यवहार फार महाग पडतो.

जागा न कळल्याने काय होतं, याचं सगळ्यात भयंकर उदाहरण ब्राझीलमधलं आहे. गोइयानिया शहरात एक खासगी रेडिओथेरपी केंद्र दुसरीकडे हललं आणि जुन्या इमारतीत एक यंत्र तसंच राहिलं. सप्टेंबर १९८७ मध्ये दोघं जण त्या पडक्या इमारतीत शिरले, यंत्राचा भाग भंगार म्हणून काढून घेऊन गेले. आत सीझियम-१३७ होतं. दोघांना त्याच दिवशी उलट्या सुरू झाल्या. खाण्यातून काही झालं असावं असं डॉक्टरांना वाटलं. पुढे ती वस्तू भंगारवाल्याकडे गेली. अंधारात निळसर चमकणारी ती पूड नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी हौसेने घरी नेली, अंगाला लावली. तब्बल दोन आठवडे आजारी माणसं दवाखान्यांत येत राहिली आणि त्या पडक्या इमारतीशी त्यांचा संबंध कुणाच्या लक्षात आला नाही. शेवटी भंगारवाल्याच्या बायकोला शंका आली आणि तिने ती वस्तू पिशवीत घालून, बसने, आरोग्य कार्यालयात नेली. चौघं दगावले, त्यात सहा वर्षांची एक मुलगी होती. लाखाहून जास्त लोकांची तपासणी करावी लागली.

आपल्याकडेही २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० सापडलं, ते विद्यापीठाने लिलावात काढलेल्या जुन्या यंत्रातलं होतं. एकाचा मृत्यू झाला. अशा यंत्रांवर देखरेख ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक परिषदेचं कार्यालय आमच्या अणुशक्तीनगरातच आहे, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांना तीन पाकळ्यांचं ते चिन्ह ओळखीचं असतं. बंद पडलेल्या रुग्णालयात, प्रयोगशाळेत किंवा कारखान्यात जड धातूचं भांडं दिसलं, तर हात लावू नका, घरी आणू नका, बाहेर पडून पोलिसांना कळवा. अशी वस्तू सापडण्याची शक्यता फार थोडी आहे. पण हात लागला असेल आणि नंतर उलट्या किंवा हातावर भाजल्यासारखे चट्टे आले, तर डॉक्टरांना त्या वस्तूबद्दल सांगितल्याशिवाय ते ओळखणं जवळपास अशक्य आहे.

मुलं का सांगत नाहीत? एक कारण पोलीस. पडून हाड मोडलं की रुग्णालयात ‘एमएलसी’ होईल आणि आपण आत जाऊ, असं त्यांना वाटतं. एमएलसी म्हणजे दुखापतीची वैद्यकीय-कायदेशीर नोंद. तो तुमच्यावरचा आरोप नव्हे. जिन्यावरून घसरलो असं सांगितलं आणि प्रत्यक्षात दुसऱ्या मजल्यावरून पडला असाल, तर मणक्याची आणि पोटाची जी तपासणी व्हायला हवी ती राहून जाऊ शकते. दुसरं कारण आईवडील. अठरा वर्षांवरील रुग्णाने सांगितलेली गोष्ट मी त्याच्या संमतीशिवाय घरच्यांना सांगत नाही. त्याहून लहान मुलांबाबत असं वचन मला देता येत नाही, उपचाराला पालकांची संमती लागते. म्हणून पालकांना विनंती, पहिल्या दिवशी ओरडू नका. ताप उतरल्यावर हवं तेवढं ओरडा. आणि डॉक्टरांनी पाच मिनिटं बाहेर बसायला सांगितलं तर राग मानू नका.

मुलींबाबत वेगळं लिहायला हवं. २२ ऑगस्ट २०१३ ला महालक्ष्मीच्या बंद शक्ती मिलमध्ये कामानिमित्त फोटो काढायला गेलेल्या तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. सोबत सहकारी असूनही. ती तिथे का गेली, हा प्रश्न तेव्हाही बऱ्याच जणांनी विचारला, आणि तो प्रश्न पुढच्या मुलीचं तोंड बंद करतो. असं काही घडलं तर कोणत्याही रुग्णालयाला, सरकारी असो वा खासगी, मोफत प्राथमिक उपचार द्यावेच लागतात, तसा कायदा आहे. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. गर्भ राहू नये म्हणूनची गोळीही लवकर घ्यावी लागते.

आणि जाण्यापूर्वीचं लपवणं. मुंबईतल्या पडक्या आवारात मोबाइलची रेंज असतेच असं नाही, आणि १०८ ला फोन लागला तरी ‘गिरणीच्या मागे, भिंतीला भोक आहे तिथे’ हा काही पत्ता नव्हे. निघण्यापूर्वी एका माणसाला, घरच्याला नसेल तर मित्राला, नेमकी जागा, आत शिरायची बाजू आणि परत येण्याची वेळ लिहून पाठवा. त्या वेळेला फोन आला नाही तर त्याने वाट पाहायची नाही, ११२ ला कळवायचं. पाण्याच्या बंद टाकीत, सेप्टिक टँकमध्ये किंवा विहिरीत कुणी कोसळला तर त्याच्यामागे उडी मारू नका. तिथे विषारी वायू असतो किंवा प्राणवायूच नसतो, सडक्या अंड्याचा वास काही क्षणांत नाकाला कळेनासा होतो, आणि वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा आणि वर उभं राहून त्यांना हात दाखवा, म्हणजे त्यांना जागा सापडेल.